ब्लॅकचा बी मोठा की छोटा?

मुद्रितशोधनात माझी चोवीस वर्षं गेली, त्यातली निम्मी इंग्रजी हस्तलिखितांवर. एवढ्या काळातली माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक एका बटणाने झाली. २०२० चा जुलै. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या जॅझ वादकांवरचं एक जाडजूड पुस्तक हातावेगळं करत आणलं होतं. तेवढ्यात प्रकाशकाचा ईमेल आला : यापुढे आपल्या पुस्तकांत कृष्णवर्णीय माणसांसाठी वापरलेला ‘ब्लॅक’ कॅपिटल अक्षराने लिहायचा. मी फाइंड-रिप्लेसची चौकट उघडली, दोन शब्द भरले आणि ‘रिप्लेस ऑल’ दाबलं. सहाशेच्या वर ठिकाणी बदल झाल्याचं संगणकाने सांगितलं. काय सोपं काम, असं म्हणत मी फाइल पाठवून दिली.

आठवड्याने ती परत आली. समासात संपादकबाईंनी लिहिलं होतं, “पियानोच्या काळ्या पट्ट्यांनाही वंश असतो, हे मला आजच कळलं.”

फाइल चाळली आणि कानशिलं गरम झाली. ब्लॅकबोर्ड, ब्लॅकमेल, ब्लॅक-अँड-व्हाइट फोटो, गायिकेचा काळा झगा, सगळे मोठ्या बीचे झाले होते. त्याहून वाईट म्हणजे १९३०च्या दशकातल्या वृत्तपत्रांचे जे उतारे लेखकाने जसेच्या तसे दिले होते, त्यांतही मी शिरले होते. ती फाइल मी चार रात्री बसून एकेक शब्द तपासत निस्तरली. त्या चार रात्रींत जे कळलं ते इथे सांगते. इंग्रजीत लेख, प्रबंध, भाषांतर किंवा नुसता कंपनीचा अहवाल लिहिणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

आधी एक अडचण सांगून टाकते. हा लेख देवनागरीत आहे आणि देवनागरीत हा प्रश्नच नाही. आपला ‘क’ राजाचा असो की रंकाचा, एकाच मापाचा. त्यामुळे शब्द दाखवून फरक करता येणार नाही. मी ‘मोठा बी’, ‘छोटा डब्ल्यू’ असं म्हणत जाईन, तुम्ही ते मनातल्या मनात रोमन अक्षरांत लिहून बघा.

आपल्या चुकाही बऱ्याचदा इथूनच येतात. कॅपिटल अक्षर म्हणजे वाक्याची सुरुवात किंवा माणसाचं नाव, एवढंच शाळेत डोक्यात बसलेलं असतं. इंग्रजीतला खरा नियम असा की विशेषनाम आणि विशेषनामावरून झालेला शब्द, दोन्ही मोठ्या अक्षराने. म्हणून एशियन, अरब, हिस्पॅनिक, लॅटिनो, चेरोकी, झुलू, रोमा, ज्यू या शब्दांत विचार करण्यासारखं काही नाही. देश, भाषा, लोकसमूह यांपासून आलेला शब्द नाम असो वा विशेषण, पहिलं अक्षर मोठं. फ्रेंच किंवा स्पॅनिशमधून इंग्रजीत भाषांतर करणाऱ्यांनी मात्र इथे जरा जपावं. फ्रेंचमध्ये ‘फ्रेंच माणूस’ हे नाम मोठ्या अक्षराने, पण विशेषण आणि भाषेचं नाव छोट्या अक्षराने लिहितात. स्पॅनिशमध्ये तर सगळंच छोटं. ती सवय इंग्रजीत नकळत उतरते.

‘कॉकेशियन’चा सीसुद्धा मोठाच, कारण तो कॉकेशस पर्वतावरून आला. पण गोऱ्यांसाठी ‘व्हाइट’पेक्षा हा शब्द जास्त सभ्य वाटतो म्हणून वापरत असाल तर थांबा. तो अठराव्या शतकातल्या वंशवर्गीकरणातून आलेला आहे. मूळ नोंदीत किंवा अवतरणात असेल तर राहू द्या, एरवी नको.

खरी मारामारी रंगांच्या शब्दांवर आहे. ब्लॅक, व्हाइट, ब्राउन हे मुळात रंग. रंगाला कॅपिटल कशाला? पण तोच शब्द एखाद्या समाजाचं नाव झाला की मग तो नुसता रंग उरत नाही.

हे भांडण आजचं नाही. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १८९९ मध्ये फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीयांवरचा आपला अभ्यास छापला, तेव्हा ‘नीग्रो’ शब्द मोठ्या एनने लिहिला आणि तळटीपेत कारण दिलं : ऐंशी लाख अमेरिकन माणसांचा एका कॅपिटल अक्षरावर हक्क आहे, असं मी मानतो. त्या काळी बहुतेक वृत्तपत्रं तो शब्द छोट्या एनने छापत. डु बॉइस पुढेही या अक्षरासाठी पत्रं लिहीत राहिले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मोठा एन स्वीकारला तो मार्च १९३० मध्ये. एका अक्षराला तीस वर्षं लागली. मग साठीच्या दशकात ‘नीग्रो’ मागे पडला, ‘ब्लॅक’ पुढे आला, आणि गंमत बघा, नवा शब्द रंगाचा असल्यामुळे बहुतेकांनी तो पुन्हा छोट्या अक्षराने छापला. जिंकलेलं अक्षर शब्दाबरोबर गेलं.

२०१४ मध्ये पत्रकारितेच्या प्राध्यापक लोरी थार्प्स यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्येच लेख लिहून मोठा बी मागितला. तेव्हा काही हललं नाही. २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत सगळं बदललं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १९ जूनला मोठा बी जाहीर केला. गुलामगिरीच्या अंताची आठवण म्हणून पाळला जाणारा हाच तो दिवस. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जूनच्या शेवटी तेच केलं. छापील पुस्तकांच्या जगात ज्याला वेद मानतात त्या ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’नेही त्याच वर्षी पसंती बदलली. माझ्याकडे आलेला ईमेल या लाटेतला.

तेव्हा पहिली गोष्ट पक्की धरा : माणसांची वांशिक किंवा सांस्कृतिक ओळख सांगणारा ‘ब्लॅक’ आज मोठ्या बीने. याबाबत अमेरिकेतल्या मोठ्या शैलीपुस्तकांत, म्हणजे लेखनाचे नियम सांगणाऱ्या पुस्तकांत, आता वाद नाही. वाद आहे तो शेजारच्या शब्दाचा.

‘व्हाइट’चं काय करायचं? इथे तुम्हाला सरळ उत्तर हवं असेल तर मी ते देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही. असोसिएटेड प्रेस आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ छोटा डब्ल्यू ठेवतात. त्यांचं म्हणणं, गोऱ्या लोकांचा असा एक सामायिक इतिहास आणि संस्कृती नाही, आणि कातडीच्या रंगामुळे भेदभाव सोसल्याचा अनुभवही नाही. शिवाय गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचा डंका पिटणारे गट मुद्दाम मोठा डब्ल्यू लिहितात, त्यांच्या ओळीत आपण का बसायचं? उलट ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने जुलै २०२० मध्ये दोन्ही शब्द मोठे केले. मानसशास्त्र आणि इतर सामाजिक शास्त्रांतले बरेच प्रबंध ज्या एपीए शैलीत लिहिले जातात तिथेही दोन्ही मोठे. वैद्यकीय नियतकालिकांच्या एएमए शैलीतही तसंच. ‘शिकागो’ म्हणतं, मोठा बी लिहा, आणि सुसंगतीसाठी हवं असेल तर डब्ल्यूही मोठा करायला हरकत नाही.

मोठ्या डब्ल्यूच्या बाजूचा युक्तिवाद मला आधी पटला नव्हता. इतिहासकार नेल अर्विन पेंटर यांनी तो २०२० मध्येच मांडला. मला तो समजला असा : एकाला नाव द्यायचं आणि दुसऱ्याला बिननावाचं ठेवायचं, म्हणजे तो दुसरा आपोआप ‘साधा माणूस’ ठरतो, आणि बाकीचे सगळे त्याच्यापेक्षा वेगळे म्हणून मोजले जातात. हे वाचल्यावर मी बराच वेळ पेन्सिल चावत बसले होते. आज माझी स्वतःची सवय अशी आहे : जिथे तक्ते आणि आकडे आहेत, गट शेजारी-शेजारी उभे आहेत, तिथे दोन्ही मोठे. कारण एका स्तंभाचं शीर्षक मोठं आणि शेजारचं छोटं असलं की वाचणाऱ्याला ते छपाईची चूक वाटते. कथनात्मक लेखनात लेखक म्हणेल ते. लेखक काहीच म्हणाला नाही तर प्रकाशकाची हाउस स्टाइल, म्हणजे त्याचे स्वतःचे लेखननियम. तीही नसेल तर निर्णय तुम्ही घ्या, पण एकदाच. तिसऱ्या प्रकरणात मोठा आणि सातव्यात छोटा, याला कुठलंच शैलीपुस्तक पाठीशी घालणार नाही.

‘ब्राउन’बद्दल माझा सल्ला रोखठोक आहे : शक्यतो वापरूच नका. असोसिएटेड प्रेस तो छोट्या अक्षराने लिहायला सांगतं आणि लगेच पुढे म्हणतं की शब्द फार ढोबळ आहे, टाळा. ‘ब्राउन’ म्हणजे मेक्सिकन, अरब, दक्षिण आशियाई, की सगळेच? लेखकाला समासात विचारा, “नेमके कोण?” दहापैकी आठ वेळा त्याच्याकडे नेमका शब्द असतो, फक्त आळसाने लिहिलेला नसतो. त्या नेमक्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठंच असणार, म्हणजे तुमचाही प्रश्न मिटला. ‘यलो’ आणि ‘रेड’ माणसांसाठी वापरणं ही शिवी आहे, त्यात अक्षराच्या मापाची चर्चा कसली. ‘पीपल ऑफ कलर’ मात्र चालतो आणि तो सगळा छोट्या अक्षरांत. त्याची आद्याक्षरं जोडून केलेलं लघुरूप सगळं मोठ्या अक्षरांत.

‘कलर’वरून आठवलं. अमेरिकेत ‘कलर्ड’ हा जुना आणि अपमानास्पद शब्द. तो आज संस्थेच्या नावात उरला आहे, उदाहरणार्थ कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या एनएएसीपी या संघटनेच्या पूर्ण नावात, आणि तिथे तो बदलायचा नाही. पण दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश स्पेलिंगचा ‘कलर्ड’ मोठ्या सीने लिहिला की ते एका मिश्रवंशीय समाजाचं रूढ नाव होतं, तिथल्या जनगणनेतला अधिकृत गट. केपटाउनवरच्या एका प्रवासवर्णनात मी तो अपशब्द समजून काढून टाकायला निघाले होते. लेखिकेने वेळीच हात धरला म्हणून बरं.

आता पियानोच्या पट्ट्यांकडे येऊ. वाक्यात ‘ब्लॅक’ दिसला की तो रंग आहे की लोक, हे ओळखायचं कसं? मी दोन शब्द घालून बघते. आधी ‘ब्लॅक’च्या जागी ‘जांभळा’ ठेवते. वाक्य विचित्र का होईना, पण उभं राहिलं, तर तो रंग आहे, छोटा बी. जांभळा झगा, जांभळ्या पट्ट्या, जांभळा धूर : सगळे उभे राहतात. मग त्याच जागी ‘जमैकन’ किंवा ‘आयरिश’ ठेवून बघते. आयरिश मतदार, आयरिश चर्च, आयरिश वृत्तपत्रं, आयरिश पियानोवादक : हेही उभे राहतात, मग ते लोकांचं नाव, मोठा बी. ‘जांभळा मतदार’ कोसळतो, म्हणून शंका उरत नाही.

मजा येते ती दोन्ही उभे राहतात तेव्हा. ‘ब्लॅक हेअर’ घ्या. छोट्या बीने लिहिलं तर काळे केस, जे जगात कितीतरी वंशांच्या डोक्यांवर असतात. मोठ्या बीने लिहिलं तर कृष्णवर्णीय समाजाचे केस, म्हणजे त्यांची ठेवण, वेण्या, त्यावरून नोकरीत आणि शाळेत झालेले वाद, एक अख्खा सांस्कृतिक विषय. त्या जॅझच्या पुस्तकात एका गायिकेबद्दल हे दोनच शब्द होते आणि मला कळेना. अशा ठिकाणी अंदाज करू नका, लेखकाला विचारा. त्याने उत्तर दिलं, “तिच्या केसांचा रंग, बस.” छोटा बी. तेच कातडीचं. कातडीच्या छटेचं वर्णन असेल तर छोटं अक्षर, पण त्वचारोगांवरच्या लेखात ‘ब्लॅक स्किन’ म्हणजे कृष्णवर्णीय रुग्णांची त्वचा असा अर्थ असू शकतो. तिथेही विचारा.

वाक्प्रचारांवर वेळ घालवू नका. ब्लॅक मार्केट, व्हाइट लाय, व्हाइट पेपर, ब्लॅक होल यांचा माणसांशी संबंध नाही, म्हणून छोटं. ब्लॅक सी, व्हाइट हाउस, ब्लॅक फ्रायडे ही नावंच आहेत, म्हणून मोठं. बुद्धिबळावर लिहीत असाल तर एक वेगळीच गंमत आहे : सोंगटी काळी असेल तर छोटा बी, पण ती चालवणारा खेळाडू ‘ब्लॅक’ म्हटला की मोठा.

रंगाचा नसूनही असाच दुतोंडी असलेला शब्द म्हणजे ‘इंडिजनस’, म्हणजे मूळचा. लोकांसाठी मोठा आय, झाडाझुडपांसाठी छोटा. एकाच परिच्छेदात मूळ रहिवासी आणि तिथल्या मूळच्या वनस्पती आल्या तर एक मोठा, एक छोटा येईल, आणि ते बरोबर आहे, घाबरून एकसारखं करू नका. ‘नेटिव्ह’चंही तसंच. नेटिव्ह अमेरिकन मोठ्या अक्षरांत, पण ‘ओहायोचा नेटिव्ह’ म्हणजे तिथे जन्मलेला कुणीही, तो छोटा. कॅनडाबद्दल लिहिताना फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी हे मूळ रहिवाशांचे तीन वेगळे समूह, तिन्ही मोठ्या अक्षरांनी. त्यात ‘इन्युइट’ हे अनेकवचन आहे, एका माणसाला ‘इनुक’ म्हणतात. ऑस्ट्रेलियात ‘ॲबोरिजिनल’ आणि ‘टॉरेस स्ट्रेट आयलंडर’ मोठ्या अक्षरांनी आणि पूर्ण लिहायचे, आद्याक्षरांचं लघुरूप तिथे अपमानाचं वाटतं.

अक्षर मोठं केलं की हायफनकडे लगेच बघा, कारण ते त्याच्याबरोबर हलतं. ‘नॉनव्हाइट’ छोट्या डब्ल्यूने जोडून लिहिता येतो, पण डब्ल्यू मोठा केला तर मध्ये हायफन हवा, नाहीतर शब्दाच्या पोटात कॅपिटल अक्षर येतं. ‘अँटी-ब्लॅक’मध्येही म्हणूनच हायफन. उलट ‘आफ्रिकन अमेरिकन’मधला हायफन असोसिएटेड प्रेसने २०१९ मध्ये काढून टाकला, कारण हायफन लागला की तो माणूस अर्धाच अमेरिकन असल्यासारखा दिसतो, अशी जुनी तक्रार होती. सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण ज्यूद्वेषासाठीच्या इंग्रजी शब्दाचं आहे. पूर्वी तो ‘अँटी’, हायफन आणि मोठ्या एसने लिहीत. २०२१ पासून असोसिएटेड प्रेस तो जोडून, छोट्या एसने लिहितं. मोठ्या एसमुळे ‘सेमिटिझम’ नावाची काहीतरी खरी गोष्ट आहे आणि हे तिच्या विरोधात आहेत, असा भास होत होता. अक्षर मोठं केल्याने मान मिळतो तसा ते छोटं केल्यानेही कधी कधी खोटेपणा निघून जातो.

आणखी एक, जे अक्षराचं नाही पण त्याच ओघात येतं. ‘ब्लॅक’ विशेषण म्हणून वापरा : ब्लॅक विद्यार्थी, ब्लॅक कुटुंबं. नुसतं ‘एक ब्लॅक’ किंवा शेवटी एस लावून अनेकवचन, हे कानाला खटकतं. आणि ‘ब्लॅक’च्या जागी सरसकट ‘आफ्रिकन अमेरिकन’ घालू नका. लंडनमध्ये वाढलेला नायजेरियन ब्लॅक आहे, अमेरिकन नाही.

अवतरणांना हात लावायचा नाही. १९३५ च्या बातमीत छोटा एन असेल तर तो छोटाच राहील. तो छोटा एनच त्या काळाचा पुरावा आहे, तो मोठा केला तर डु बॉइस कशासाठी झगडले ते वाचकाला कळणारच नाही. लेखकाने मुद्दाम निवडलेलं अक्षरही तसंच. बेल हुक्स या लेखिकेने आपलं लेखननाव आयुष्यभर छोट्या अक्षरांत लिहिलं. एखाद्या भाबड्या मुद्रितशोधकाने ते ‘सुधारलं’ तर काय होईल, याची कल्पना करा. (मी एकदा सुधारलं होतं. तळटीपेत. कुणाच्या लक्षात आलं नाही, मला मात्र दोन वर्षांनी झोपेत आठवलं.)

आता कामाची पद्धत. हस्तलिखित हाती आलं की पहिल्याच दिवशी एक कागद करा, आम्ही त्याला स्टाइल शीट म्हणतो. त्यावर हे शब्द आणि त्यांचा निर्णय लिहा : ब्लॅक मोठा, व्हाइट मोठा की छोटा, आणि कुणी ठरवलं, इंडिजनस लोकांसाठी मोठा, आफ्रिकन अमेरिकन बिनहायफन. तो लेखकाला पाठवून होकार घ्या. मग शोधायला बसा. शोधताना ‘मॅच केस’ आणि ‘होल वर्ड्स’ या दोन्ही खुणा चालू ठेवा, म्हणजे ब्लॅकबोर्ड वाटेत येणार नाही. ‘रिप्लेस ऑल’ला हात लावू नका. ‘फाइंड नेक्स्ट’ दाबत एकेका ठिकाणी जा, वाक्य पूर्ण वाचा, मग ठरवा. सहाशे ठिकाणांना मला चार रात्री लागल्या होत्या. पण त्यातल्या बऱ्याच रात्री आधीची घाण काढण्यात गेल्या, मुळापासून केलं असतं तर दोन पुरल्या असत्या.

शेवटी तीन जागा हमखास राहून जातात : चित्रांखालच्या ओळी, तक्त्यांतली शीर्षकं आणि सूची. सूची तर बहुतेक वेळा दुसरंच कुणी करतं, त्यामुळे तुमची स्टाइल शीट त्या माणसापर्यंत पोचली का ते विचारा. वाक्याच्या सुरुवातीचा ‘व्हाइट’ तपासण्यात मात्र वेळ घालवू नका, तिथे तो मोठाच असतो आणि त्यावरून काही सिद्ध होत नाही. पुस्तकाच्या नावातही तसंच, तिथे महत्त्वाचे सगळे शब्द मोठ्या अक्षरानेच येतात. त्या जॅझच्या पुस्तकाच्या नावात ‘ब्लॅक’ होता, आणि माझ्या त्या सहाशे बदलांपैकी मुखपृष्ठावर काडीचाही फरक पडला नव्हता.